भाऊंचा फोन लागतो म्हणून काम होतं. त्यात गैर काय?

पेठकर
आमच्या वॉर्डातले भाऊ कुठल्याच पदावर नाहीत. तरी ससूनमध्ये खाट, शाळेत प्रवेश, आमदारांचं रहिवासाचं पत्र, सगळं त्यांच्याकडूनच मिळतं. मार्च २०२२ मध्ये पुण्यातल्या नगरसेवकांची मुदत संपली, प्रशासक आला, निवडणूक लांबतच गेली. त्या काळात ड्रेनेज तुंबलं की आम्ही प्रशासकाला फोन लावायचा होता का? भाऊंना दलाल म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा तहसील कचेरीच्या रांगेत उभं राहावं.

नियमावर बोट
उभा राहिलोय. भाऊंची पाच माणसं आतून जातात म्हणून तर रांग हलत नाही. २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. दाखला विनाकारण अडवला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. तुमच्या भाऊंनी आजवर कुणाला 'अपील कर' म्हणून सांगितलंय?

पेठकर
माझी आई अपील करणार? तिला दाखला हवा होता, न्याय नको होता.

कोरडवाहू
पुणेकरांनो, तुमचे भाऊ परवडले. नाही पटलं तर दुसरे शोधता येतात. आमच्याकडे विकास सोसायटीचा चेअरमन आणि कारखान्याचा संचालक एकाच घरात. पीककर्जही तिथूनच आणि ऊसतोडीची टोळीही. निवडणुकीत आपण 'तिकडे' दिसलो की टोळी शेजारच्या फडात येते, आपल्याकडे वळत नाही. उसाला तुरा येतो, वजन घटतं. धमकी कुणी देत नाही हो. उलट चहा पाजतात, 'बघू, पुढच्या आठवड्यात' म्हणतात. अपील कशाविरुद्ध करायचं?

पेठकर
हे मात्र वेगळं आहे. याला मी मदत म्हणणार नाही.

नियमावर बोट
वेगळं कसलं? जो काम करून देऊ शकतो तो अडवूही शकतो. तुम्ही अजून त्यांच्या नावडत्या यादीत गेला नाहीत, एवढंच.

सुमनताई
मी अंगणवाडी सेविका. २०२४ मध्ये लाडक्या बहिणीचे अर्ज आम्ही भरले. अर्जामागे ५० रुपये ठरले होते. रात्री अकराला सर्व्हर चालायचा तेव्हा ओटीपी मागत बसायचो. चौकातल्या फ्लेक्सवर फोटो मात्र भाऊंचा, हात जोडलेला.

पेठकर
ताई, बरोबर आहे तुमचं. पण भाऊंनी मंडप टाकला, झेरॉक्स फुकट दिली, तेही खरंच ना?

कट्टेकरी
ते जाऊ द्या. आमच्या भाऊंनी परवा पक्ष बदलला. आता पत्र कुठल्या साहेबांच्या लेटरहेडवर मिळणार, एवढं कुणी सांगेल का? मुलीचा प्रवेश सोमवारी आहे.