मदत हवी आहे: पाठदुखीसाठी स्तन लहान करण्याचं ऑपरेशन करावं का?

निपाणीची बाई, वय ३८. पुढं मूल नको, त्यामुळं अंगावर पाजण्याचा प्रश्न नाही. दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळते. मान-पाठ भरून येते, ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यांवर खोल वळ पडलेत, उन्हाळ्यात स्तनांखाली पुरळ उठून कातडी सोलते. वळ आणि पुरळ यांचं कारण स्तनांचं वजनच. पण तासन्‌तास वाकून बसल्यानंही मान-पाठ अशीच दुखते, आणि ते दुखणं ऑपरेशननं जायचं नाही. म्हणून आधी रुंद पट्ट्यांची, नीट मापाची ब्रा आणि सहा आठवडे पाठीच्या वरच्या स्नायूंचा व्यायाम करून बघायचं ठरलंय.

खरी अडचण मिश्रीची, म्हणजे दातांना लावायच्या भाजलेल्या तंबाखूच्या पुडीची. निकोटिननं रक्तवाहिन्या आवळतात, जखम भरत नाही, टाके उसवतात, स्तनाग्रसुद्धा काळं पडू शकतं. म्हणून किमान चार आठवडे आधी तंबाखू पूर्ण बंद हवी. दवाखान्यात ‘सिगारेट ओढता का?’ एवढंच विचारतात, बाई ‘नाही’ म्हणते, आणि मिश्री राहूनच जाते! ती कशी सोडवली?

बेळगाव, कोल्हापूर की हुबळी, हे ऑपरेशन नेहमी करणारे प्लास्टिक सर्जन कुठं आहेत? विमा कंपनीनं ‘कॉस्मेटिक’ म्हणून नाकारू नये यासाठी आगाऊ मंजुरीला कुणी काय जोडलं: हाडांच्या डॉक्टरांचं पत्र, फोटो, प्रत्येक बाजूनं किती ग्रॅम काढणार तो अंदाज? पाण्याची घागर चार ते सहा आठवडे उचलायची नाही हे माहीत आहे. सूप मांडीवर कधी घ्यायचं?