प्रतिसाद: पन्नाशीपुढच्या स्त्रिया आणि स्तनांच्या कर्करोगाची तपासणी

स्तनांच्या कर्करोगाच्या तपासणीत तमिळनाडू पुढे आणि बाकीची राज्ये मागे, याचे कारण जागरूकतेतील फरक, असा निष्कर्ष ज्या लेखनाला हा प्रतिसाद आहे त्यात मांडला गेला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) स्तनांची तपासणी कधीतरी झालेल्या स्त्रियांचे प्रमाण देशात ०.९ टक्के आणि तमिळनाडूत ५.६ टक्के होते, हे खरे. परंतु ते आकडे ३० ते ४९ वयोगटाचे आहेत, त्यामुळे ज्यांच्याविषयी आपण बोलत आहोत त्या पन्नाशीपुढच्या आजीबाई त्यांत मोजल्याच गेलेल्या नाहीत.

टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर जो अभ्यास केला, त्यात प्रशिक्षित आरोग्यसेविका मॅमोग्राफीविना (स्तनांच्या क्ष-किरण तपासणीविना), केवळ हातांनी तपासणी करत. स्तनांच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंमधील एकूण घट संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक ठरली नाही, मात्र पन्नाशीपुढील स्त्रियांत ती सुमारे ३० टक्के आढळली. म्हणजे ज्यांना लाभ अधिक, त्याच मोजमापाबाहेर!

खेड्यात आशाताई घरी येऊन स्तनात गाठ आहे का, आकार बदलला आहे का, असे प्रश्न विचारून तक्ता भरतात. सुना-नातवंडांसमोर सासूबाई ‘काही नाही हो’ म्हणतात आणि तेच तक्त्यात उतरते. उपकेंद्रात पडद्याआडची जागा आणि तपासायला बाई नसेल, तर केवळ जागरूकता वाढवून ही स्त्री तिथवर येईल, असे मला वाटत नाही.