नियोजन करणाऱ्या शिक्षकाचा मुलांवर विश्वास नसतो म्हणे!

मृगाचा_किडा
गेले तीन दिवस एकच पोस्ट चार ग्रुपांवरून फिरून माझ्याकडे येतेय. एका प्रयोगशील शाळेच्या संचालकांची आहे. थोडक्यात अशी: 'यंदा आम्ही वर्षाचं नियोजन फाडून टाकलं. जूनमध्ये मुलं गोलात बसतील आणि काय शिकायचं ते तीच ठरवतील. नियोजन करणाऱ्या शिक्षकाचा मुलांवर विश्वास नसतो.' खाली बदामांचा पाऊस.

मी नऊ वर्षं अशाच एका छोट्या शाळेत शिकवते. बेचाळीस मुलं, चार ताया, एक दादा. आत्ता मे महिना आहे, वर पत्रा तापलाय, आणि आम्ही पाचजण भिंतीवर ब्राऊन पेपर चिकटवून त्यापुढे उकिडवे बसलोय. डाव्या बाजूला अध्ययन निष्पत्ती, म्हणजे मुलांना काय काय यायला हवं ते, वरती प्रकल्प, मध्ये चौकटी. अपूर्णांक कुठे येणार? गुऱ्हाळात. टक्केवारी? गुऱ्हाळातच, उसाच्या वजनाला गूळ किती उतरला ते काढताना. पत्रलेखन? गुऱ्हाळ मालकांना परवानगी मागताना. जी चौकट रिकामी राहते तिच्यावरून आमची भांडणं होतात. यंदा 'कोन' दोन दिवस बेवारस पडला होता. शेवटी पतंगात घातला.

आता मला सांगा, गोलात बसलेल्या मुलांना ऑगस्टमध्ये गुऱ्हाळ बघावंसं वाटलं तर काय दाखवू? चुलवाण थंड, काहील पालथी, दारात शेळी बांधलेली. पेरणी बघायची तर मृगात निघावं लागतं, जानेवारीत नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीला आईबापांबरोबर जाणारी चार पोरं आमच्या पटावर आहेत, त्यांच्यासाठी काय ठेवायचं हेही आत्ताच ठरवावं लागतं. ऋतू कुणाच्या गोलात बसत नाही.

आणि हो, हा 'फाडून टाकण्याचा' प्रयोग आम्हीही एक वर्ष करून बसलोय. गोलात मोठ्या आवाजाची सहा मुलं होती, त्यांनी ठरवलं: क्रिकेट स्टेडियमचं मॉडेल. नऊ आठवडे थर्माकोल! कोपऱ्यात बसणाऱ्या दोन मुली त्या वर्षी काय शिकल्या हे मला आजही सांगता येत नाही. विश्वास नक्की कुणावर ठेवला होता आम्ही?

मुक्तछंद
ताई, राग येईल, पण तुम्ही जे केलंय त्याला अभ्यासक्रम म्हणतात. वरून गूळ लावलाय एवढंच. मुलाला अपूर्णांकच शिकवायचे हे तुम्ही मेमध्ये ठरवून मोकळ्या झालात, गुऱ्हाळ हे निमित्त. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ किलपॅट्रिकनं १९१८ साली प्रकल्प पद्धतीवर लिहिलं तेव्हा सगळा भर मुलाच्या स्वतःच्या हेतूवर होता. हेतू शिक्षकाचा असेल तर त्याला गृहपाठच म्हणा ना.

माझा मुलगा एका नावाजलेल्या शाळेत होता. वर्षाचं नियोजन छापील, गुळगुळीत कागदावर. चौथीत तो नखं रक्त येईपर्यंत खायचा. काढला. घरी दीड वर्ष त्यानं कबुतरं पाळली. फक्त कबुतरं. मी एक शब्द बोललो नाही. आता स्वतःहून वाचतो.

फळा_खडू
चार ताया, एक दादा, बेचाळीस मुलं. वाचूनच डोळे भरून आले.
आम्ही दोन शिक्षक. पहिली ते चौथी, अडतीस मुलं. त्यातला एक कायम कुठल्यातरी माहितीच्या मागे. यू-डायसवर शाळेची माहिती भरा, आधार जुळवा, शालेय पोषण आहाराची नोंद करा, मतदार यादीसाठी घरोघर फिरा. गेल्या वर्षी मी मेमध्ये नियोजन केलं होतं, सुबक, रंगीत पेनांनी. जुलैत माझा जोडीदार प्रशिक्षणाला गेला आणि चारही वर्ग माझ्या एका गळ्यात आले. तुमची गुळाची टक्केवारी वाचायला छान वाटते. कायद्यानं पहिली ते पाचवीला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. त्यातले वर्गात किती मिळतात ते आमच्यासारख्याला विचारा.
नियोजन करावं की फाडावं हा वादच श्रीमंती आहे.

मृगाचा_किडा
@फळा_खडू सर, श्रीमंती म्हणाल तर माझा पगार तुमच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही नाही. पण पाच माणसं आहेत हे खरं, ते नाकारत नाही.
@मुक्तछंद, हेतू कुणाचा, हे सांगते. गुऱ्हाळाला जायचं आम्ही ठरवलं. तिथे गेल्यावर एका मुलीनं गुळव्यांना विचारलं, 'काका, आमच्या आजीकडचा गूळ काळा असतो, तुमचा पिवळा कसा?' गुळवे आधी हसले, मग गप्प झाले, मग म्हणाले की पिवळा लागतो गिऱ्हाईकाला, पावडर टाकावी लागते. भेंडीच्या खोडाचं पाणी दाखवलं, मळी वर कशी येते ते दाखवलं. पुढचे तीन आठवडे तो पिवळा रंगच आमचा प्रकल्प झाला. ब्राऊन पेपरवर हे कुठेच नव्हतं. पण त्या दिवशी तिथे पोचलो नसतो तर हा प्रश्न आलाच नसता.
कबुतरांबद्दल आनंद आहे. घरी दीड वर्ष गप्प बसून वाट बघणारा बाप किती मुलांना असतो?

वैतागलेली_आई
मी दुसऱ्या बाजूनं बोलते, कारण इथे सगळे शिक्षकच दिसतायत.
माझी मुलगी अशाच एका शाळेत सहा वर्षं होती. नाव सांगणार नाही. प्रकल्प प्रकल्प प्रकल्प. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री साडेबारा वाजता मी ग्लू गननं बोट भाजून घेतलंय आणि नवरा पुठ्ठ्याचा बंधारा रंगवतोय, असे आमचे फोटो आहेत. मुलगी कधीच झोपलेली. दुसऱ्या दिवशी ताई म्हणाल्या, 'बघा, मुलं किती स्वतःहून करतात!'
आणि मुख्य गोष्ट. सहावीत त्यांचा बाजाराचा प्रकल्प होता. खरा ठेला, खरी भाजी, मावशींबरोबर बसायचं. मी गिऱ्हाईक म्हणून गेले. मेथी १७ रुपये जुडी, तीन घेतल्या. माझी मुलगी हातावर रेघा मारायला लागली. सतरा रेघा, मग आणखी सतरा. शेजारी शाळा न शिकलेल्या मावशी म्हणाल्या, 'एक्कावन, बाय.' मला तिथेच रडू आलं. सतरा त्रिक एकावन्न! पाढे पाठ करून घेणं म्हणजे हिंसा, असं आम्हाला पालकसभेत सांगितलं होतं.

गणितकाका
+१००. हेच मी वीस वर्षं बोंबलून सांगतोय. पाढे गेले, तिथे गणित गेलं. आमच्या वडिलांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, सगळे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ होते. अकरा औटं साडेअडतीस! किराणा दुकानात पाटीशिवाय हिशेब. आजची पोरं साडेतीनला अकरानं गुणायला मोबाईल काढतात.

मुक्तछंद
काका, तुमच्या वडिलांना औटकी यायची कारण ती त्यांना रोज लागायची. पायली-शेराचा जमाना होता. आज कुणाला लागते?

गणितकाका
डोकं लागतं हो, डोकं. आणि यांचं एवढ्यावर भागत नाही. २०१९ला दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आणलंत. एकवीस म्हणायला लाज वाटते का मराठी माणसाला?

फळा_खडू
काका, थांबा. ते पुस्तक मी शिकवलंय, तुम्ही फक्त बातमी वाचलीत. 'एकवीस' काढून टाकलं नव्हतं, दोन्ही दिलं होतं. मंगला नारळीकर गणिताच्या अभ्यासगटाच्या अध्यक्ष होत्या, त्यांनी कारणही सांगितलं होतं. आपण बोलताना एकक आधी म्हणतो आणि लिहिताना दशक आधी लिहितो. पोरगं 'सदुसष्ट' ऐकतं आणि ७६ लिहितं. माझ्या वर्गात दरवर्षी आठ-दहा जण लिहितात. कानडी-तेलुगूत हा घोळ नाही. 'साठ सात' म्हटलं की कोपऱ्यातलं पोरगंही बरोबर लिहितं. महिनाभरात सदुसष्टवर आणता येतं.

गणितकाका
आम्ही नाही का शिकलो सदुसष्ट? आम्हाला कुणी साठ सात सांगितलं होतं?

फळा_खडू
तुम्ही शिकलात. तुमच्या वर्गातली जी चौथीत गळाली ती आज इथे लिहायला नाहीत.

गणितकाका
हे वैयक्तिक होतंय.

फळा_खडू
हो, होतंय. माझा मोठा भाऊ त्यातलाच आहे. एकोणसाठ आणि एकोणसत्तरमध्ये मार खायचा. पाचवीची पायरी चढला नाही. तुमची औटकी ठेवा तुमच्याजवळ.

वैतागलेली_आई
वा! मी मुलीचं रडगाणं मांडलं आणि तुमचं पुस्तकावरून सुरू झालं. कुणी उत्तर देणार आहे का?

मृगाचा_किडा
मी देते. आधी थोडी चिडते.
ग्लू गनचं पाप शाळेचंच. आम्ही प्रदर्शनच बंद केलं. पालकांनी शाळेत येऊन मुलांच्या वह्या बघायच्या, त्यातल्या चुकांसकट. पहिल्या वर्षी तीन पालक चिडून गेले, 'बघायला काहीच नाही' म्हणून. म्हणजे मागणी कुठून येते तेही बघा.
पाढ्यांचं... आमच्याही ब्राऊन पेपरवर पाढ्यांना चौकट नाही. 'प्रकल्पातून येतील' असं धरून चाललोय. माझ्या सातवीतले तिघे सतराच्या पाढ्याला अडतात, हे मला ठाऊक आहे. पण तुमच्या ताईंनी 'हिंसा' हा शब्द वापरला असेल तर तो कशाला उद्देशून होता तेही आठवा. छडी घेऊन पाढे म्हणवून घेणाऱ्या गुरुजींना उद्देशून.

वैतागलेली_आई
म्हणजे चौकट रिकामीच होती ना. एवढंच ऐकायचं होतं.

बाकावरचा_नाग्या
मी अशाच शाळेत दहावीपर्यंत होतो. शाळेला मान्यता आठवीपर्यंतच, त्यामुळे दहावीला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसलो. नववीच्या मेपर्यंत मी 'तीन तास बसून पेपर लिहिणे' हा प्रकार केला नव्हता. मग सहा महिने गावातल्या एका सरांकडे घोकलं. पास झालो, ६८ टक्के. आज पाणलोटाची कामं करतो, गावोगाव फिरतो, आणि लोकांना प्रश्न कसे विचारायचे हे मला शाळेनंच शिकवलं. पण त्या सहा महिन्यांत मी शाळेला फार शिव्या दिल्या. दहावी येणार हे त्यांना पहिलीपासून ठाऊक होतं की! कुठल्याच कागदावर ती का नव्हती?

मुक्तछंद
दहावीसाठी बालपण वाया घालवायचं का मग? वर्ध्याला १९३७मध्ये गांधीजींनी नयी तालीम, म्हणजे हातकामातून शिक्षण, मांडली तेव्हा सूत कातायच्या टकळीवरून गणित शिकवायचा विचार होता, बोर्डाच्या पेपरावरून नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी पोरं शाळेत येईनात म्हणून गुरांमागे कुरणात शाळा नेली. त्यांनी काय ब्राऊन पेपर लावले होते?

फळा_खडू
कुरणशाळा म्हणजे गुरं कुठल्या वेळी कुठे चरतात ते बघून तिथे शाळा लावायची. याहून पक्कं नियोजन मला तरी माहीत नाही. आणि टकळीचं म्हणाल तर सूत किती, वेळ किती, कापूस किती हे मोजल्याशिवाय त्यात गणित येतच नाही. तुम्ही दोन्ही उदाहरणं ताईंच्या बाजूनं दिलीत.

मुक्तछंद
बरं. कुरणशाळेचं मान्य. टकळीचं अर्धं.
पण एक सांगा, ब्राऊन पेपरवर एकतरी रिकामा महिना आहे का? जिथे काहीच ठरलेलं नाही?

मृगाचा_किडा
फेब्रुवारी. गेल्या वर्षीपर्यंत नव्हता. यंदा मी भांडून ठेवला होता, काल दादांनी त्यात 'वार्षिक परीक्षा तयारी' लिहून टाकलं, कारण पाचवी-आठवीची परीक्षा परत आलीये.

मुक्तछंद
हं. मग तो महिना वाचवा. बाकीच्या गुळाबद्दल मी गप्प बसतो.

वैतागलेली_आई
मुक्तछंद गप्प बसणार! स्क्रीनशॉट काढून ठेवला.

फळा_खडू
ताई, जरा थट्टा बाजूला. तुमचा तो कागद, नावं झाकून, फोटो टाकाल का? दोन शिक्षकांत बसवता येतो का बघतो. चार प्रकल्प नाही जमणार. एक जमेल. आमच्याकडे गुऱ्हाळ नाही, वीटभट्टी आहे, दिवाळीनंतर पेटते. मुलंही तिथलीच आहेत, आईबाप भट्टीवर. मोजायला विटा भरपूर.

मृगाचा_किडा
टाकते सर. घाम आणि चहाचे डाग आहेत, चालवून घ्या. वीटभट्टीला घनफळ फुकट मिळेल तुम्हाला. साच्याचं माप आणि भाजल्यावर विटेचं माप वेगळं येतं, ते मुलांना आधी सांगू नका.

गणितकाका
ते सगळं ठीक. पाढ्यांचं काय ठरलं?

मृगाचा_किडा
आज सकाळी बैठकीत एक पट्टी चिकटवली. सोमवार ते शुक्रवार, दहा मिनिटं, पाढे. मोठ्यानं, तालात, छडीशिवाय. दादा म्हणाला, बाहेरच्या कुणाला सांगू नका.

गणितकाका
औटकी पण?

मृगाचा_किडा
काका, तिसापर्यंत येऊ दे आधी.

गणितकाका
दिडकी तरी.