स्कोरिया आणि प्यूमिस एक नव्हेत

स्कोरिया म्हणजे प्यूमिसच का? नाही. दोन्ही ज्वालामुखीचे सच्छिद्र दगड, पण स्कोरियाच्या छिद्रांमधल्या भिंती जाड. म्हणून तो सहसा पाण्यात बुडतो, प्यूमिस तरंगतो. स्कोरिया बहुधा बेसाल्टी (बेसाल्ट म्हणजे लाव्हापासून बनलेला गडद खडक), काळा. गरम असतानाच त्यातल्या लोहाचं ऑक्सिडीकरण झालं की तांबडा. मेक्सिकोत १९४३ साली उभा राहिलेला पारिकुतिन ज्वालामुखीचा शंकू मुख्यतः याचाच.

शब्द ग्रीक: 'स्कोर' म्हणजे विष्ठा, त्यावरून 'स्कोरिआ' म्हणजे धातू गाळताना उरणारा मळ. अर्थात हे नाव भट्टीतल्या मळीला आधी, ज्वालामुखीच्या दगडाला नंतर.

जुन्या लोखंडभट्टीजवळ सापडलेला तुकडा मात्र नुसत्या छिद्रांवरून स्कोरिया समजू नका. आत अडकलेला कोळसा किंवा धातूचे थेंब दिसले, तर ती मळी. चुंबकावर विसंबणं चुकीचं, कारण बेसाल्टमध्येही मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज असतं.