अनुभव धागा : अक्कलकुवा-धडगाव, वाटा आणि मतदार याद्या

राज्यातला विधानसभा मतदारसंघ क्रमांक १ म्हणजे अक्कलकुवा. नंदुरबार जिल्ह्यातले अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) हे दोन तालुके, जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव. २०१९ आणि २०२४, दोन्ही विधानसभांचा निकाल इथे तीन हजार मतांच्या आत लागला. एखाद्या पाड्यावरची तीस-चाळीस मतं राहिली तर ती का राहिली, हे विचारायलाच हवं. निवडणुकीचं काम केलेल्यांनी आपापल्या टोपणनावाने नेमकं लिहा: वाट, यादी, यंत्र. कोण का जिंकलं ते इथे नको.

घाटमाथा :
किलोमीटर मोजू नका, तास मोजा. अक्कलकुव्याहून मोलगीला जायचं तर देवगोई घाट, तळोद्याहून धडगावला चांदसैली. चांदसैलीत पावसाळ्यात दरड येते; मग गाड्या शहादा-म्हसावदवरून फिरवाव्या लागतात. तोरणमाळ अक्राणी तालुक्यात असलं तरी चढायचं शहाद्याकडून, म्हणून तिकडच्या पथकांचा मार्ग पहिल्यापासून वेगळा आखावा.

गाव म्हणजे एका जागी घरं, ही सपाटीवरची समजूत. इथे एका महसुली गावाचे अनेक पाडे, एक या टेकाडावर, दुसरा नाल्यापलीकडे. मतदाराला दोन किलोमीटरपेक्षा जास्त चालावं लागू नये असा दंडक आहे, पण ते अंतर सरळ रेषेत धरलं की मधली दरी हिशेबातून सुटते. केंद्र ठरवण्याआधी बीएलओने (त्या यादीभागाच्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने) सगळ्यात लांबच्या पाड्यावरून एकदा चालत येऊन घड्याळ बघावं. दुसरा खात्रीचा उपाय नाही.

नर्मदाकाठ :
सरदार सरोवराने महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली, ती सगळी याच दोन तालुक्यांतली. मणिबेली त्यातलं पहिलं बुडालेलं. काठावरच्या केंद्रांवर पथक होडीने जातं, पुढे पायी. धरणाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर. पावसाळ्यानंतर पाणी वर असतं, होडी पाड्याच्या जवळ लागते. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मधे गाळाचा पट्टा आणि वर खडा चढ. म्हणून नोव्हेंबरातली वेळ धरून मे महिन्याचं नियोजन करू नये. पेट्या प्लॅस्टिकमध्ये बांधा, लाइफ जॅकेट प्रत्येकाला, आणि परतीची होडी मतदान संपायच्या आधीच काठाला हजर असेल हे बघा.

याद्यांचा एक गुंता इथलाच. पुनर्वसन होऊन तळोदा-शहाद्याच्या वसाहतींत गेलेला माणूस शहादा मतदारसंघात राहतो, पण नाव जुन्या बुडीत गावात राहून जातं. नमुना ८ भरून स्थलांतर नोंदवलं की काम होतं. नमुना ६ नव्या मतदारासाठी आहे. तो भरला तर दोन ठिकाणी नाव होतं.

यादीवाचक :
पाडवी, वसावे, वळवी, तडवी, पावरा. एका यादीभागात एकाच आडनावाची शेकडो माणसं, त्यात नाव आणि वडिलांचं नावही तेच. नुसत्या नावावर खूण केली की चुकीच्या ओळीवर पडते आणि खरा मतदार तासाभराने येऊन उभा राहतो. अनुक्रमांक, फोटो, ओळखपत्र क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, या क्रमाने जुळवा. यादीत पाड्याप्रमाणे विभाग पाडून घेतले असतील तर निम्मा त्रास वाचतो.

ऊसतोडीला टोळ्या दिवाळीनंतर उतरतात, होळीला परततात. २०२४ ची विधानसभा २० नोव्हेंबरला होती, म्हणजे ऐन जाण्याच्या दिवसांत. घराला कुलूप दिसलं म्हणून नाव वगळायला सुचवणं सरळ चूक आहे. हंगामापुरता बाहेर गेलेला माणूस इथलाच रहिवासी असतो. यादीची खरी फेरी होळीच्या आठवड्यात मारावी, तेव्हा सगळे घरी असतात.

केंद्राध्यक्ष :
व्हीव्हीपॅटच्या (मताची चिठ्ठी छापून दाखवणाऱ्या यंत्राच्या) मागची कळ प्रवासात आडवी, काम सुरू करताना उभी. डोंगरातल्या हेलकाव्यांत कळ उभी राहिली तर कागदाचा रोल हलतो आणि सकाळी यंत्र चूक दाखवतं. निघताना हात लावून बघा, पोचल्यावर पुन्हा बघा. शाळेच्या पत्र्यातून किंवा खिडकीतून थेट ऊन व्हीव्हीपॅटवर येऊ देऊ नका, सेन्सर गडबडतो. बल्बखालीही ठेवू नका.

अभिरूप मतदान, म्हणजे यंत्राची चाचणी, मतदानाच्या ९० मिनिटं आधी, किमान ५० मतं, नोटासह प्रत्येक उमेदवाराला. मग यंत्रावरची क्लोज, रिझल्ट, क्लिअर ही बटणं, याच क्रमाने. यातलं क्लिअर राहून गेलं की संध्याकाळी एकूण मतं नोंदवहीशी जुळत नाहीत, आणि तिथून तहसीलला फोनही लागत नसतो. चिठ्ठ्या काढून, मागे शिक्का मारून, काळ्या पाकिटात सीलबंद. मतदान संपल्यावर टोटल दाबून आलेला आकडा नमुना १७-सीत (नोंदलेल्या मतांच्या हिशेबात) लिहा, मगच पेटी बंद.

घाटमाथा :
फोनवरून आठवलं. रेंज नसलेल्या केंद्रांची दर दोन तासांची टक्केवारी धावपटूमार्फत किंवा वायरलेसवर जाते. धावपटू त्याच पाड्यांतला घ्या, जवळची पायवाट त्यालाच ठाऊक. आणि धडगाव भागात पावरी, अक्कलकुव्याकडे देहवाली भिली बोलणारा एक तरी माणूस पथकात हवा. 'बटण दाबून दिव्याकडे आणि खिडकीतल्या चिठ्ठीकडे सात सेकंद बघा' हे म्हाताऱ्या बाईला तिच्या बोलीत सांगितलं की रांग आपोआप पुढे सरकते.