मदत हवी आहे: विकायच्या फ्लॅटच्या हॉलला रंग कोणता द्यावा?

जुळे सोलापुरातला २ बीएचके विकायला काढतोय. हॉलची एक भिंत गडद जांभळी आहे (हौस आमचीच!). खिडकी पश्चिमेला, त्यामुळे दुपारनंतर नुसती भट्टी. जांभळ्यावर ऑफ-व्हाइटचे दोन हात मारले, तरी खालचा रंग डोकावतोच. पेंटर आता म्हणतो, आधी प्रायमर हवा होता. ते करून घेईन.

ओल कुठेच नाही. फरशी पिवळसर, ओटा काळ्या ग्रॅनाइटचा. दोन्ही बदलणार नाही. खर्च फक्त रंग आणि दिव्यांवर. घर रिकामंच दाखवायचंय, आई मात्र सोलापुरी वॉलहँगिंग लावायच्या हट्टाला पेटलीय.

पिवळसर फरशीवर हलका राखाडी मळकट दिसेल का, की क्रीमच बरा? आणि वॉलहँगिंग गिऱ्हाइकाला आवडेल की खटकेल?