जास्तीच्या लेन्ससाठी बॅग : स्वस्तात काय जमले, काय फसले?

मामा (धागाकर्ता, म्हणजे ही चर्चा सुरू करणारा)

गेल्या रविवारी भाचीचा फोन आला. कॅमेऱ्यासोबत आलेल्या १८-५५ एमएमच्या लेन्सला जोड म्हणून तिने दूरचे टिपणारी ५५-२५० ही सेकंडहँड लेन्स विकत घेतली आहे आणि आता, “मामा, दीड हजारात कॅमेरा, दोन लेन्स आणि जेवणाचा डबा मावेल अशी बॅग सांग,” एवढीच तिची मागणी आहे. तिला उत्तर देण्याआधी मी माळ्यावरचे जुने खोके खाली काढले, कारण त्यात माझी पहिली पन्नास एमएमची लेन्स आहे. तिच्यावर चढवलेल्या यूव्ही फिल्टरची, म्हणजे पुढच्या संरक्षक काचेची, कडी एका बाजूने चेपलेली आहे आणि त्यामुळे तो फिल्टर इतक्या वर्षांत एकदाही निघालेला नाही.

तो पोचा सप्टेंबर २००९ मधला आहे. साताऱ्याहून बामणोलीच्या एसटीने मी कासला निघालो होतो. बॅग घेण्याची ऐपत नव्हती असे नाही. दीडशे ग्रॅमच्या लेन्ससाठी हजार रुपयांची बॅग घेणे मला उधळपट्टी वाटत होते. म्हणून लेन्स माकडटोपीत गुंडाळून कॉलेजच्या सॅकच्या बाहेरच्या, पाण्याची बाटली ठेवायच्या जाळीदार कप्प्यात खोचली आणि सॅक वरच्या रॅकवर टाकली. यवतेश्वरच्या घाटात टोपी जागच्या जागी राहिली आणि लेन्स तेवढी खाली आली. बाकांखालून घरंगळत ती पार पुढपर्यंत गेली. कंडक्टरने ती उचलून वर धरली आणि विचारले, “एवढी मोठी चुन्याची डबी कुणाची?” सगळी गाडी हसली. मला हात वर करायला बराच धीर गोळा करावा लागला.

त्यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो. मुंबईत बोरा बाजारातून बाराशे रुपयांची एक काळी, चौकोनी, खांद्याला अडकवायची बॅग आणली. तीत चार लेन्स मावत असत आणि माझ्याकडे दोनच होत्या. उरलेल्या कप्प्यांत मी चार्जर, टॉर्च, केळी असे काहीबाही भरत गेलो आणि सगळा भार एका खांद्यावर येऊन अजिंक्यतारा चढताना माझी मान वाकडी होत असे. शिवाय आत कॅमेरा आहे हे कोणालाही दुरून कळत असल्यामुळे लोकलमध्ये ती मांडीवरून खाली ठेवण्याची सोय नव्हती.

आज माझ्याकडे कॅमेऱ्याची म्हणावी अशी बॅगच नाही. साधी पाठीवरची सॅक आहे आणि तिच्या तळाशी बसणारा, आत वेल्क्रोची पार्टिशने असलेला फोमचा चौकोनी गाभा आहे. दुकानदार त्याला इन्सर्ट म्हणतात. मला तो सातशे रुपयांना पडला. फोटोग्राफी नसेल तेव्हा गाभा कपाटात जातो आणि सॅक बाजारहाटाला येते. कमी पैशांत काम भागवायचे असेल त्याने बॅग शोधूच नये, गाभा शोधावा, अशा मतापर्यंत मी आलो आहे. मात्र तो घेताना किती लिटरचा हे न पाहता लेन्स पट्टीने मोजावी. भाचीची ५५-२५० नुसती अकरा सेंटिमीटर भरते, पण दोन्ही टोपणे आणि उलटा बसवलेला हुड (पुढून तिरपे ऊन अडवणारी कडी) धरला की तेरापर्यंत जाते. कप्पा बाराचा असेल तर चेन लागत नाही, आणि ओढून लावलीच तर सगळा दाब पुढच्या टोपणावर येतो.

तुमच्यापैकी कोणी काय घेतले, किती पैसे गेले आणि कुठे फसगत झाली, ते सविस्तर लिहावे. भाची वाचणार आहे.

खंड्या

आमच्या घरात जुन्या जीन्सचा एक पाय लेन्सची पिशवी म्हणून आठ वर्षे चालला आहे. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर होडीतून फ्लेमिंगो टिपायचे तर मला १५०-६०० एमएमची लेन्स लागते; तिचे वजन दोन किलो आणि लांबी सव्वीस सेंटिमीटर आहे, त्यामुळे स्वस्त बॅगांच्या कोणत्याही कप्प्यात ती उभी राहत नाही. सौभाग्यवतींनी मांडीकडचा भाग कापून तळाशी गोल तुकडा शिवला आणि तोंडाला नाडी घातली. आत सहा एमएमच्या योगा मॅटचे दोन वेढे आहेत आणि बुडाशी मॅटच्याच तीन चकत्या आहेत. खर्च शून्य, कारण योगा मॅट जानेवारीत आणली होती आणि फेब्रुवारीपासून पडूनच होती. होडीत मात्र पिशवी कधीही तळाला ठेवू नये, तिथे पाणी साचलेले असते. मी ती गळ्यात अडकवून पोटावर घेतो.

रानभूल

खंड्याराव, पिशवी पटली, परंतु दुसऱ्या पायाचे काय केलेत हे सांगितल्याशिवाय आपली सुटका नाही.

खंड्या

रानभूल, दुसऱ्या पायात तीन किलो तांदूळ भरून दोन्ही तोंडे शिवली आणि ताडोबात जिप्सीच्या कठड्यावर लेन्स टेकवायला बीनबॅग म्हणून वापरली. परत आल्यावर त्या तांदळाचा भात करावा की नाही यावर घरात मतभेद झाले. शेवटी तो कोंबड्यांना गेला.

मांडवातला माणूस

मी लग्नांची कामे करतो, म्हणून माझी गरज थोडी निराळी आहे. मला लेन्स सुखरूप नेण्यापेक्षा ती दहा सेकंदांत बदलता येणे महत्त्वाचे असते, त्यामुळे पाठीवरची सॅक माझ्या उपयोगाची नाही. कमरेच्या पट्ट्याला अडकवायचे दोन गोल पाऊच घेतले. प्रत्येकी साडेतीनशे रुपये पडले आणि पट्टा जुनाच, जाड कापडाचा होता. वर्षभर उत्तम चालले. पहिली अडचण वेल्क्रोची झाली. अंतरपाट धरलेला, शेवटचे मंगलाष्टक संपत आलेले, क्षणभर सगळे शांत, आणि नेमक्या त्या वेळी माझ्या कमरेशी “चर्रर्र” असा आवाज झाला. नवरदेवाने वळून पाहिले आणि तो चेहरा अल्बममध्ये आहे. तेव्हापासून मी नाडी ओढून तोंड आवळायचेच पाऊच घेतो.

दुसरी अडचण अधिक महाग पडली असती. एका लग्नानंतर लेन्स कॅमेऱ्यावर नीट फिरेना. जोर लावणार इतक्यात मागचे टोपण उलटे करून झटकले, तर आतून हळदीकुंकू लागलेली एक अक्षत निघाली, आणि दुसरी लेन्सच्या मागच्या धातूच्या कडेला चिकटलेली होती. उघड्या पाऊचमध्ये अक्षता पडल्या होत्या आणि मी रिकामे टोपणही त्यातच टाकत होतो. आता टोपण शर्टाच्या खिशात ठेवतो. भाचीला सांगावे की लेन्स बदलताना मागचे टोपण ठेवायला बॅगेत एक वेगळा, झाकलेला लहान कप्पा असावा. दुकानात हे कोणी सांगत नाही आणि जाहिरातीत तर दिसतच नाही.

कुडाळकरीण

बॅग वाहून नेण्यासाठी असते, साठवणीसाठी नसते, हे मला चार हजार रुपये घालवून कळले. आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा घामेजतात. त्या वर्षी मी चांगली जाड फोमची, घट्ट चेन असलेली बॅग घेतली होती आणि ‘आता काळजी नाही’ म्हणून दोन्ही लेन्स पावसाळाभर तीतच ठेवल्या. गणपतीत काढून पाहते तो मोठ्या लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी बुरशी पसरलेली होती. फोम आणि अस्तर ओलावा धरून ठेवतात आणि बंद अंधारात बुरशीला हवे ते सगळे मिळते. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की धोका सुरू होतो. चाळीस ते पन्नासच्या दरम्यान ठेवली तर लेन्स सुरक्षित राहते.

आता बाहेरून आल्यावर बॅग उघडून पंख्याखाली ठेवते आणि लेन्स घट्ट झाकणाच्या, पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात जातात. तो पोह्यांसाठी आणलेला डबा होता. आत सिलिका जेलची पुरचुंडी आणि आर्द्रता दाखवणारे छोटे घड्याळ आहे. निळे खडे गुलाबी झाले की ते ओव्हनमध्ये तापवून पुन्हा निळे करते. तापवायचे भांडे स्वयंपाकाला वापरत नाही. बॅगेसाठी दीड हजार ठेवले असतील तर त्यातले चारशे या डब्यासाठी राखावेत, असे माझे भाचीला सांगणे आहे.

माहितीहवी

आपल्या भाचीने ५५-२५० कोठून आणि कितीला घेतली, हे कळू शकेल काय? मीही शोधात आहे.

बोहरी आळीतला

मामांचा गाभा सातशेचा आहे. मी तो ३८० रुपयांत शिवून घेतला, आणि पहिल्या वेळी चुकलो म्हणून प्रत्यक्षात खर्च दुप्पट झाला, तेही लिहितो. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत फोमच्या शीट वेगवेगळ्या जाडीच्या मिळतात. मी प्रथम सोफ्यात घालतात तसला मऊ फोम घेतला. हाताला छान लागला, पण लेन्सच्या वजनाने दोन महिन्यांत त्याची चपाती झाली. पार्टिशनला दहा-बारा एमएमचा, दाबल्यावर लगेच वर येणारा घट्ट फोम लागतो. दुकानात अंगठ्याने दाबून पाहावे; खड्डा राहिला तर तो घेऊ नये.

दुसरी चूक कापडाची होती. वेल्क्रोच्या काटेरी पट्ट्या पार्टिशनच्या कडांना शिवल्या आणि आतून साधे सुती अस्तर लावले. पट्ट्या त्याला धरेनातच. त्या पट्टीला पकडायला बारीक लव असलेले कापड लागते आणि ते वेगळे मागावे लागते. दुकानात जाताना वेल्क्रोचा एक तुकडा खिशात न्यावा आणि प्रत्येक कापडावर दाबून, ओढून पाहावे. दुकानदार वैतागतो, पण पार्टिशन हलत नाही. शिलाई घरच्या मशिनवर होत नाही, सुई मोडते. सॅकची चेन आणि रनर दुरुस्त करणाऱ्या कारागिराने मला पाऊण तासात सगळे शिवून दिले आणि वर विचारले, “साहेब, यात नेमकं अंडी नेणार का?”

पालखीसोबत

दिवेघाटात दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर चालतो. पावसाचे कव्हर नसलेली बॅग स्वस्त असली तरी आषाढी वारीत उपयोगाची नाही, हे खरे. परंतु कव्हरसाठी हजार रुपये जास्त देण्याचेही कारण नाही. वाटेत वारकऱ्यांसाठी प्लास्टिकचे कागद विकायला असतात. एक घेऊन सॅकच्या आत, गाभ्याभोवती गुंडाळावा. बाहेरून घातलेले कव्हर वाऱ्याने फुगते आणि पाठीकडून पाणी आत शिरते. आतला कागद मात्र गाभा कोरडा ठेवतो. गर्दीत सॅक पोटावर घ्यावी.

नागपूर-पुणे-नागपूर

विमानाने जाणाऱ्यांनी रिकाम्या बॅगेचे वजन आधी पाहावे, एवढेच सांगायचे आहे. हातातल्या सामानाला सात किलोची मर्यादा असते आणि माझी जुनी, भक्कम बॅग रिकामीच दोन किलोची होती. काउंटरवर दोन लेन्स जॅकेटच्या खिशांत घालून मी पोट सुटलेल्या माणसासारखा रांगेत उभा राहिलो. साधी सॅक आणि गाभा मिळून जेमतेम एक किलो भरतो, त्यामुळे मामांशी मी सहमत आहे.

बर्फातला पुणेकर

कॅलगरीहून लिहितो आहे. येथे उणे वीसमध्ये फोटो काढून घरात आलो की उबेने थंड लेन्सवर लगेच दव जमते. त्यामुळे घरात शिरण्यापूर्वीच सगळे बॅगेत घालून चेन लावतो आणि दोन तास बॅग उघडत नाही. फोममुळे आतले सामान हळूहळू तापते. फोम कुडाळकरीणताईंचा शत्रू असला तरी माझा मित्र आहे. स्वस्त बॅगेचा फोम पातळ होता तेव्हा मी तिच्यावर ब्लँकेट टाकत असे.

कुडाळकरीण

बर्फातले पुणेकर, आपला फोम आमच्याकडे एक पावसाळा पाठवावा, मग मैत्री किती टिकते ते पाहू.

सुगरण

डब्याबद्दल कोणीच बोलले नाही, म्हणून लिहिते. माझ्या मुलाने एकाच सॅकमध्ये लेन्स आणि डबा नेला होता. डब्यात भाकरी, पिठले आणि लिंबाचे लोणचे होते. लेन्स वाचली, कारण ती टोपणांत बंद होती. पण लोणच्याचे तेल अस्तरात झिरपले आणि तो गाभा दोनदा धुऊन, तीन दिवस उन्हात ठेवूनही आजतागायत मोहरीचा वास सोडत नाही. भाचीने लेन्स आणि डबा एकत्र ठेवू नयेत. ठेवायचेच असतील तर डबा खाली आणि लेन्स वर असाव्यात.

मामा (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. माहितीहवी, आपल्याला निरोपातून कळवतो. भाचीने सगळे प्रतिसाद वाचले. तिने घरातलीच कॉलेजची सॅक ठेवली आणि सहाशे ऐंशी रुपयांचा गाभा घेतला. त्याआधी दुकानात खिशातून मोजपट्टी काढून तेरा सेंटिमीटर मोजले, हे ऐकून मला बरे वाटले. चारशेचा डबा आणि सिलिका जेल आले आहे. गाभ्याला खिसा नव्हता, म्हणून मागच्या टोपणासाठी तिच्या आजीने आतून एक लहान, चेनचा खिसा शिवून दिला. उरलेल्या पैशांतून ती प्लास्टिकचा कागद घेणार आहे.

येत्या रविवारी आम्ही दोघे भिगवणला जात आहोत. सुगरणताईंचा सल्ला तिने शब्दशः मानला आहे आणि जेवणाचा डबा माझ्या पिशवीत राहील, असे मला कळवले आहे.